आधी सातबारा, मग शेळी

वाचकहो, फलटणहून दहिवडीला जाणारी एस.टी. मोगराळ्याचा घाट चढू लागली, की खिडकीबाहेरचा रंगच बदलतो. मागे राहतो तो नीरा उजव्या कालव्याचा हिरवागार ऊस. पुढे लागतात उघडे डोंगर, बाभळी, आणि जिथे चार बोटे माती असेल तिथे तगून उभा असलेला शाळू. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यात माण तालुक्याला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. आणि तोही वेळेवर पडेल तर!

नोकरीच्या निमित्ताने या घाटातून मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. बियाण्याची पाकिटे, माती परीक्षणाच्या पिशव्या, फवारणीचे पंप असे काहीबाही बरोबर असायचे. गेल्या मार्गशीर्षात मात्र रजा काढून, रिकाम्या हाताने गेलो. मनात एक जुने ओझे होते, ते पुढे सांगतोच. पाहायचे होते ते एवढेच, की ज्या घरातला कर्ता माणूस गेला, किंवा ज्या बाईला नवऱ्याने टाकून दिले, ती बाई या कोरड्या मुलखात उभी कशी राहते? कशाच्या आधारावर?

आपण म्हणाल, त्यात पाहायचे काय? मजुरी करते, दुसरे काय करणार! पण मजुरीचेही तसे सोपे नाही. माण, आटपाडी, जत या भागांतून ऊसतोडीला टोळ्या जातात हे आपल्याला ठाऊकच आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची. एकट्या बाईला कोयता मिळत नाही. ती धरली जाते अर्धा कोयता म्हणून, आणि तेही भाऊ, दीर किंवा हाताशी आलेला पोरगा बरोबर असेल तर. मग काय होते? शाळेतला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आईचा अर्धा कोयता पुरा करायला फडावर जातो. मी ज्या गावांत हिंडलो तिथे अशी दोन घरे पाहिली. त्यातल्या एका मुलाचे दप्तर अजून खुंटीला होते.

म्हणूनच या भागात बाईचा पहिला आधार शेळी. गायीला पैसा लागतो, चारा लागतो, पाणी लागते. आणि एक गाय दगावली की सगळे भांडवल एका रात्रीत जाते. शेळी बाभळीच्या शेंगांवर, बांधावरच्या शेवरीवर, हादग्यावर भागवते. पाच महिन्यांनी विते, दोन वर्षांत तीन वेत देते, आणि बऱ्याचदा जुळी करडे. पोराची फी भरायची आली तर एक बोकड काढता येतो. गायीचा पाय तोडून विकता येत नाही!

फलटणला उतरून मी निंबकर कृषी संशोधन संस्थेत चक्कर टाकली होती. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली काढलेली ही संस्था. ऑस्ट्रेलियातून बोअर जातीच्या शेळ्यांचे भ्रूण आणून त्यांनी ही भरदार जात इथे वाढवली. बंगालच्या सुंदरबनातील गारोळे ही मेंढी अगदी छोटी, पण जुळी देणारी. तिचा तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. शेळ्यांचे गोठवलेले वीर्य तयार करण्याचे कामही तिथे चालते. हे सारे कौतुकाचेच. पण माझ्या भगिनींनो, एक कानात सांगतो. जुळी देणारी मेंढी किंवा मोठ्या अंगाची शेळी आणली म्हणजे पैसा दुप्पट झाला असे समजू नका. दोन पिलांना दूध पुरायला आईला खुराक लागतो. गाभणपणाचे शेवटचे दीड महिने हिरव्या पाल्याबरोबर मूठ-दोन मूठ भरडा द्यायला जमत नसेल, तर आपली उस्मानाबादी किंवा गावठी शेळीच बरी. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचे औषध एवढे दोन खर्च मात्र चुकवू नका. पहिल्या पावसाचे कोवळे गवत खाऊन शेळ्या पटापट मरतात, त्याला आपण करणी म्हणतो. ती करणी नव्हे, आंत्रविषार.

घाट चढून दहिवडी, पुढे गोंदवले. तिथे महाराजांच्या मठात पंगतीला बसलो. माझ्या शेजारी जतकडच्या दोन म्हाताऱ्या होत्या, दोघी विधवा. “हितं कुणी इचारत न्हाई, कुणाची कोण म्हणून,” एकजण म्हणाली आणि आमटी ओरपू लागली. तिथून म्हसवडला पोहोचेतो दुपार कलली. सिद्धनाथाचा रथ नुकताच होऊन गेला होता, यात्रेतली पाळणेवाली मंडळी अजून सामान बांधत होती.

म्हसवड म्हटले की माणगंगा आठवते, नाहीतर व्यंकटेश माडगूळकरांची माणसे. आता मात्र बाहेरगावचे लोक इथे येतात ते बँक पाहायला. माणदेशी महिला सहकारी बँक. तिची हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, तरी सांगतो, कारण ती सांगताना मला अजून हुरूप येतो. चेतना गाला ही मुंबईची मुलगी. लग्न करून म्हसवडला आली आणि चेतना सिन्हा झाली. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई तिच्याकडे आली. पावसात झोपडीवर टाकायला ताडपत्री घ्यायची, म्हणून रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. पण तिचे खाते उघडायला कोणतीच बँक तयार नव्हती. मग बायकांनीच बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर, त्या बँक काय चालवणार? बायका निराश होऊन बसल्या नाहीत. दिवसा कष्ट, रात्री पाटी-पेन्सिल असे काही महिने काढले, आणि पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हते, पण हिशेब येतो. व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्रावर काढायला सांगा, असे त्यांनी सुनावले. 1997 साली परवाना मिळाला.

बँक बायकांची असली की नियम बायकांच्या अडचणीवरून ठरतात. पासबुक घरी गेले की शिल्लक नवऱ्याला कळते, आणि शिल्लक कळली की ती शिल्लक राहत नाही. हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? पण या बँकेला ते कळले होते. बाजारात टोपली घेऊन बसणारीला दिवस मोडून शाखेत यायला जमत नाही, म्हणून भरणा घ्यायला माणूस तिच्या टोपलीपाशी जातो. 2012-13 च्या दुष्काळात याच संस्थेने म्हसवडला जनावरांची छावणी उभी केली. हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे आलेली माणसे वर्षाहून जास्त काळ तिथे राहिली. मी तेव्हा तिथे कामाला होतो. रात्री कडब्याच्या गंजीला टेकून बसलेल्या बायकांत एकट्या बाया किती आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा दिसले. एरवी गावच्या सभेत त्या मागे, भिंतीशी असतात. आम्ही अधिकारी ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणून सुरुवात करतो आणि त्यांच्याकडे न पाहता परत येतो.

म्हसवडच्या बाजूच्या एका वाडीत शेळ्यांची डॉक्टरीण भेटली. डॉक्टरीण म्हणजे पदवीवाली नव्हे. माणदेशीच्या शिक्षणातून कृत्रिम रेतन, लसीकरण, जंतनाशक देणे हे शिकलेली गावातलीच बाई. वय पस्तिसीच्या आत, नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, पदरी दोन मुली. नायट्रोजनचे भांडे स्कूटीला बांधून दिवसाला चार-पाच घरे करते. “सायेब, पयल्यांदा बाप्ये हसायचे. बाई रेतन करती म्हणून. आता फोन करत्यात, ताई कवा येता,” असे म्हणाली. मी विचारले, शेत आहे का? म्हणाली, हाय की, सासऱ्याच्या नावावर. सासरे वारून तीन वर्षे झाली होती!

इथे मला थांबायला हवे, कारण आता ते ओझे सांगायची वेळ आली.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. तिला खटाव तालुक्यात दिली. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, त्या बाजूला. 1998 साली दाजी विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेले. आक्का बत्तीस वर्षांची, पोरगी सहा वर्षांची. दहावे झाले, तेरावे झाले, आणि सासरच्यांनी विषय काढला. पोरगी परक्या घरी जायची, तू एकटी शेत काय करणार? तुझा हिस्सा दिराच्या नावे सोड, वर्षाला चार पोती ज्वारी आणि लागेल ते धान्य आम्ही घालू. आक्काने मला बोलावून घेतले. मी नुकताच नोकरीला लागलेला, बी.एस्सी. ॲग्री. झालेला, घरातला शिकलेला माणूस. तिने विचारले, “तू म्हणशील तसं करते.”

वाचकहो, मी म्हणालो, सही कर. घरात वितुष्ट नको. त्या वेळी मला ते शहाणपणाचे वाटले. गाडी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मीच तिला घेऊन गेलो. हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पहिली दोन वर्षे चार पोती आली. तिसऱ्या वर्षी दुष्काळ म्हणून दोन आली. पुढे कोणी विचारले नाही, आणि आक्कानेही विचारले नाही. तिने दोन शेळ्या घेतल्या आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. ज्या रानात ती लग्न होऊन आली त्याच रानात ती रोजाने जायची. मी दिवाळीला साडी घेऊन जायचो. ती कधी एक शब्द बोलली नाही.

म्हणून सांगतो, विधवेला शेळ्या वाटणे, शिलाई यंत्र देणे, गिरणी देणे हे सारे चांगलेच; पण ते दुसरे काम. पहिले काम सातबारा. हिंदू वारसा कायदा 1956 सालचा आहे. नवऱ्याच्या मागे पत्नी, मुले, मुली आणि नवऱ्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. आणि पत्नीला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा, निव्वळ पोटापुरता नव्हे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि अर्ज ई-हक्कवरूनही करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र एवढ्याने काम होते. तीन महिने उलटले तरी हक्क जात नाही, पण उशीर जितका, तितके सल्लागार वाढतात. उताऱ्यावर नाव नसेल तर सोसायटीचे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, पी.एम. किसान नाही. शेतकरी ओळख क्रमांकही उताऱ्यावरच्या नावावरूनच मिळतो. ती बाई पहाटेपासून रानात असते, आणि कागदावर ती शेतकरी नसते.

आणखी एक, शक्य तितक्या लवकर करायचे. विहिरीत पडून, सर्प चावून, वीज पडून, शॉक लागून शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत, तीस दिवसांच्या आत. दुःखात कोणाला दिवस मोजायचे सुचतात? म्हणून शेजाऱ्याने मोजावेत. पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून ते टाळले तर पुढे दावा लंगडा पडतो. संजय गांधी निराधार योजना 1980 पासून आहे. तीत निराधार विधवेला आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितेला महिना दीड हजार मिळतात. दीड हजारात घर चालत नाही, पण तेल-मीठ येते.

म्हसवडहून दिघंचीमार्गे आटपाडी. डाळिंबाच्या बागा पाहून डोळे निवतात, टेंभूचे पाणी आल्यापासून तर जास्तच. आटपाडीहून विटा, आणि विट्याजवळ येरळेवरचे बळीराजा स्मृती धरण. 1980 च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून त्या पैशातून ते उभे करायला घेतले. पाणी वाटताना ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, हा विचार त्यामागे होता. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला! मी कृषी महाविद्यालयात सिंचनाचे एवढे शिकलो, पण हे वाक्य कोणत्या पुस्तकात नव्हते.

त्याच चळवळीतून सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष उभी राहिली. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तोवर नावच नव्हते. त्यांना बोलायचे ते ‘माहेरी बसलेली’. त्यांना परित्यक्ता म्हणून उभे करून स्वतंत्र रेशनकार्ड, पोटगी, घराला जागा आणि कसायला जमीन मागितली गेली ती इथे. विधवेला निदान मेलेल्या नवऱ्याचा वारसा असतो. टाकलेल्या बाईचा नवरा जिवंत, म्हणून वारसा नाही, आणि नांदत नाही, म्हणून घर नाही. रेशनकार्डावरही ती भावाच्या नावाखाली.

या कामातल्या इंदुताई पाटणकर मूळच्या प्रतिसरकारातल्या कार्यकर्त्या. 1942 च्या चळवळीत कोवळ्या वयात घर सोडलेल्या. त्यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा 1952 साली खून झाला तेव्हा मुलगा भारत अगदी लहान होता. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी करून त्याला वाढवले आणि उतारवयात परित्यक्तांच्या मोर्च्यांत पुढे चालल्या. 2017 साली त्या गेल्या. कासेगावला उतरून मी त्यांच्या घरावरून चालत गेलो. आत जायचे धाडस झाले नाही. मी काय म्हणून जाणार होतो?

कासेगावच्या थांब्यावर चहा घेताना एका गृहस्थांनी हेरवाडचा विषय काढला. कृष्णेच्या खालच्या अंगाला, शिरोळ तालुक्यातले हेरवाड. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र-जोडवी काढणे हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. फार मोठी गोष्ट झाली. गृहस्थ म्हणाले, “आमच्या गावानंबी केला ठराव.” मी विचारले, किती विधवांची वारस नोंद झाली? ते हसले, आणि चहाचे पैसे देऊन उठले. शरद जोशींनी 1989 साली लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. नवऱ्याने जिवंतपणीच थोडी जमीन आपणहून बायकोच्या नावे करावी. तेव्हा अनेक गावांनी ते केलेही. आता त्याची आठवण काढणारे कमी झाले.

कराडहून पुसेसावळीमार्गे मी आक्काकडे पोहोचलो तेव्हा दिवे लागणीची वेळ होती.

आक्काची हकिकत मी अर्धीच सांगितली. हक्कसोडपत्राच्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने एक हरकत काढली होती. मुलगी अज्ञान आहे. तिचा हिस्सा आईला कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येणार नाही. पोरगी लहान आहे, पुढे बघू, असे म्हणून सगळ्यांनी तेवढे राहू दिले. मी स्वतः मनात म्हणालो, काय हा कारकून, किती काटेकोर! ते नाव सातबाऱ्यावर राहिले: पोरीचे नाव, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई. सगळे विसरून गेले, मीही. भाची परिचारिका झाली, तिचे लग्न झाले, आणि कसल्याशा दाखल्यासाठी तिने उतारा काढला तर त्यावर तिचे नाव! तिने मला फोन केला, “मामा, अ.पा.क. म्हणजे काय हो?”

पुढे मोजणी, वाटप, तहसीलच्या खेपा. तीन वर्षे गेली. या खेपा मी मारल्या, एवढे मात्र केले. मामलेदार कचेरीच्या बाकावर बसून दिराच्या मुलाशी बोलताना माझी मान खाली होती. त्याने तो कागद पुढे केला आणि म्हणाला, साक्षीदार तुम्हीच आहात की! चाळीस गुंठे भाचीच्या वाट्याला आले. आई, तू कर, असे सांगून ती मोकळी झाली. आक्काचा स्वतःचा हिस्सा गेला तो गेलाच.

त्या चाळीस गुंठ्यांत आता अर्ध्यात शाळू, बांधाने शेवरी आणि हादगा, कोपऱ्यात पत्र्याचे छप्पर. सात शेळ्या, दोन पाटी, एक बोकड. पूर्वी ती खाटकाला नजरेच्या अंदाजाने द्यायची. तो कंबर चाचपून आकडा सांगायचा आणि ती मान डोलवायची. मागच्या वर्षी मी तिला एक ताणकाटा घेऊन दिला. लोकांना सांगून सांगून दमलो त्या गोष्टीपैकी ही एक, आणि सख्ख्या बहिणीला सांगायला पंचवीस वर्षे लागली. पहिल्याच बोकडाला अंदाज आणि काटा यांत साडेचार किलोंचा फरक पडला.

हल्ली माझ्या पिशवीत वारस नोंदीचे कोरे अर्ज असतात. कुठे कर्ता माणूस गेल्याचे कळले की तेराव्यानंतर मी जातो. कधी लोकांना आवडत नाही. एका घरी मला पाणीही दिले नाही. शेळ्यांची डॉक्टरीण ज्या वाडीत भेटली, तिथेही एक अर्ज ठेवून आलो आहे; सासऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिला अजून काढायचा आहे.

त्या संध्याकाळी खाटीक यायचा होता. आक्काने बोकडाच्या पोटाखालून पोत्याची झोळी घातली, आकडा अडकवला आणि मला म्हणाली, “बघत काय बसलास? धर की वर. आणि काटा थरथरायचा थांबल्याबिगर आकडा सांगू नगंस.”